परक्यांनी रेखाटलेली अमेरिका : '२००० एडी' आणि नवागत अमेरिकी वाचक

दीर्घकाळ चालत आलेल्या मालिकेच्या उंबरठ्यावर नवा वाचक येऊन उभा राहतो तेव्हा 'सुरुवात कोठून करावी' हा त्याचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाला सहसा ग्रंथविक्रेत्याचे उत्तर मिळते. अमुक खंड आधी घ्या, तमुक नंतर घ्या, पहिली दोन वर्षे वगळली तरी चालतील, असे सांगितले जाते. '२००० एडी' हे ब्रिटिश चित्रकथांचे साप्ताहिक १९७७पासून चालू आहे, आणि त्यातील 'जज ड्रेड' ही मालिका दुसऱ्या अंकापासून त्यात येते आहे. या साप्ताहिकापाशी येणाऱ्या अमेरिकी वाचकालाही चार दशके याच स्वरूपाची उत्तरे मिळत आली. परंतु त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पानांच्या राशीमुळे निर्माण होत नाही. 'जज ड्रेड'चे कथानक घडते ते अमेरिकेत. म्हणजे ज्या मालिकेत हा वाचक परका म्हणून शिरतो, त्या मालिकेचा विषय तो स्वतःच आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना मांडली तेव्हा संहिता आणि वाचक यांच्यातील अंतर त्यांनी मुख्यतः कालाचे मानले होते. येथे अंतर आहे ते समुद्राचे. आणि त्या अंतराच्या पलीकडून वाचकाला दिसतो तो आपलाच, परंतु ओळखू न येणारा चेहरा. अशा वाचनाचा इतिहास हा वस्तुतः भाषांतराचा इतिहास असतो, मग मूळ आणि भाषांतर दोन्ही इंग्रजीत का असेनात.

या इतिहासाची पूर्वपीठिका १९५०च्या दशकात सापडते. अमेरिकी भयकथांच्या चित्रपुस्तिका ब्रिटनमध्ये येऊ लागल्या तेव्हा शिक्षक, धर्मोपदेशक आणि ब्रिटिश कम्युनिस्ट पक्ष अशी एरवी एका पंगतीला न बसणारी मंडळी त्यांच्याविरुद्ध एकत्र आली, आणि १९५५ साली बालके व तरुण व्यक्ती यांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्धचा कायदा संमत झाला. मार्टिन बार्कर यांनी १९८४च्या आपल्या अभ्यासात या मोहिमेचे अंतरंग उलगडून दाखवले आहे. मुलांच्या नीतिमत्तेची काळजी आणि अमेरिकी संस्कृतीच्या आक्रमणाची धास्ती या दोन्ही गोष्टी तीत एकमेकींत मिसळल्या होत्या. अमेरिकेत त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेडरिक वर्थम यांचे पुस्तक निघाले आणि प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता आपल्यावर लादून घेतली. या दोन निर्बंधांचे परिणाम मात्र वेगळे झाले. अमेरिकेत महिन्याला एक पुस्तिका आणि तीत एक महानायक हा साचा पुढे घट्ट होत गेला. ब्रिटनमध्ये स्वस्त कागदावरचे, आठवड्याला निघणारे, अनेक मालिकांचे तुकडे एकत्र देणारे मुलांचे साप्ताहिक हेच प्रमुख रूप राहिले. १९५०मध्ये रेव्हरंड मार्कस मॉरिस यांनी काढलेले 'ईगल' हे त्याचे सोज्ज्वळ रूप. १९७६मध्ये पॅट मिल्स यांनी उभे केलेले 'अ‍ॅक्शन' हे त्याचे उद्धट रूप. 'अ‍ॅक्शन'मधील हिंसेवरून एवढे वादळ उठले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावे लागले, आणि परतले ते दात काढलेल्या अवस्थेत. मिल्स यांनी यातून एक धडा घेतला असावा : जे आजच्या रस्त्यावर दाखवता येत नाही ते उद्याच्या रस्त्यावर दाखवता येते. २६ फेब्रुवारी १९७७ या तारखेचा '२००० एडी'चा पहिला अंक आठ पेन्सला विक्रीस आला. त्याच्यासोबत प्लॅस्टिकची एक फिरकी फुकट होती.

अंकाचा संपादक 'थार्ग' नावाचा परग्रहवासी असल्याचे सोंग प्रारंभापासून आजवर चालत आले आहे. अंकाला 'प्रोग' म्हणावयाचे, चांगल्याला 'झारजाझ' म्हणावयाचे, वाचकांना थार्गचे मित्र म्हणून एका कृत्रिम परभाषेत संबोधावयाचे, असा हा सारा खेळ आहे. बाहेरून येणाऱ्याला तो पोरकट वाटतो, आणि तो पोरकट आहेही. परंतु नियतकालिकाभोवती वाचकांचा समाज कसा उभा राहतो याची ती एक उघडीवाघडी रीत आहे. आठवड्याचे पैसे खाऊच्या पैशांतून वाचवणाऱ्या दहाबारा वर्षांच्या मुलाला या परभाषेने एका गुप्त मंडळाचे सभासदत्व दिले. अमेरिकी नवागताला ही भाषा कोशातून शिकावी लागते. येथूनच त्याच्या परकेपणाला सुरुवात होते.

ड्रेडच्या निर्मितीतच अमेरिका दोन वेगळ्या वाटांनी आलेली आहे. लेखक जॉन वॅग्नर यांचा जन्म १९४९चा, पेनसिल्व्हेनियातला. आई स्कॉटिश, वयाच्या बाराव्या वर्षी ते स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे आले आणि डंडीच्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेत त्यांची लेखक म्हणून घडण झाली. ज्याने अमेरिका बालपणी पाहिली आणि सोडली, त्याच्या लेखणीतून ही अमेरिका उतरली आहे. चित्रकार कार्लोस एस्केरा यांचा जन्म १९४७चा, सारागोसाचा. ते फ्रँकोच्या स्पेनमध्ये वाढले. त्यांनी ड्रेडच्या खांद्यावर बसवलेला गरुड हे या मालिकेतील सर्वांत बोलके चिन्ह आहे. अमेरिकी वाचकाच्या दृष्टीने तो राष्ट्रपक्षी आहे, नाण्यावरचा आणि राजमुद्रेवरचा. युरोपीय डोळ्याला तोच गरुड गणवेशधारी हुकूमशाहीचा म्हणून ओळखीचा. चिन्ह एकच आणि चिन्हित दोन. आणि मालिकेचा सारा उपरोध या दोहोंमधल्या फटीत राहतो. ज्याला दोन्ही अर्थ एकदम दिसतात त्यालाच ड्रेड पूर्ण दिसतो, असे म्हणावयास हरकत नाही.

कथेचे गृहीतक साधे आहे. २०७० सालच्या अणुयुद्धानंतर अमेरिकेचा मध्यभाग किरणोत्सर्गी वाळवंट झाला आहे. पूर्व किनाऱ्यावर मेगासिटी वन हे कोट्यवधी लोकांचे एक अवाढव्य नगर उरले आहे. राष्ट्राध्यक्ष नाही, न्यायालय नाही, निवडणूक नाही. रस्त्यावर फिरणारे 'जज' हेच पोलीस, न्यायाधीश आणि गरज पडल्यास जल्लाद. मात्र हे नगर कोणत्या मालमसाल्यातून बांधले आहे हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ड्रेड ज्या इमारतीत राहतो तिचे नाव राउडी येट्स. हे 'रॉहाइड' या दूरचित्रवाणी मालिकेत क्लिंट ईस्टवुड यांनी साकारलेल्या गुराख्याचे नाव आहे, आणि ड्रेडचा स्वभाव ज्यावरून घेतला तो १९७१च्या चित्रपटातला 'डर्टी हॅरी'ही ईस्टवुड यांचाच. १९८१च्या 'ब्लॉक मेनिया' या कथेत ज्या दोन इमारतींचे रहिवासी एकमेकांच्या जिवावर उठतात त्यांपैकी एक डॅन टॅना हिचे नाव एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेरावरून आले आहे, तर दुसरी एनिड ब्लायटन. डॅन टॅना अमेरिकी वाचकाला ओळखू येतो. पण न्यूयॉर्कच्या जागी उभ्या असलेल्या नगरात ब्रिटिश बालवाङ्मयातील सुपरिचित बाईंच्या नावाची गगनचुंबी इमारत का असावी, आणि त्या सोज्ज्वळ नावाच्या इमारतीतून बंदुका घेऊन माणसे बाहेर पडतात यात गंमत काय, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि सांगून कळलेल्या विनोदाचे जे होते तेच याही विनोदाचे होते.

मेगासिटी वन ही अशा रीतीने अमेरिकेची प्रतिमा असण्याआधी ब्रिटिश दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचावर दिसलेल्या अमेरिकेची प्रतिमा आहे. आणि त्या प्रतिमेत जगणारे लोक ब्रिटिश आहेत. यंत्रमानवांनी काम हिरावून घेतल्याने बहुतेक नागरिक बेकार. ते एकावर एक रचलेल्या घरांत कोंबलेले. वेळ घालवण्यासाठी त्यांनी शोधलेली चित्रविचित्र वेडे. ब्रिटनमध्ये १९८२च्या जानेवारीत बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. महायुद्धोत्तर काळात स्वप्न म्हणून उभारलेल्या उंच सरकारी चाळींची तोपर्यंत दैना झालेली होती. वॅग्नर आणि त्यांचे सहलेखक अ‍ॅलन ग्रँट यांच्या स्कॉटलंडमध्ये या गोष्टी अनोळखी नव्हत्या. भविष्यकालीन अमेरिका हा येथे एक मुखवटा आहे. 'अ‍ॅक्शन'च्या अनुभवानंतर तो आवश्यकही होता. मात्र मुखवटा ज्याच्या चेहऱ्याचा बनवला आहे तोच माणूस प्रेक्षकांत येऊन बसला, की नाटकाचा अर्थ बदलतो.

तो माणूस येऊन बसला १९८३ साली. त्या वर्षी ईगल कॉमिक्स या नावाने 'जज ड्रेड'चे मासिक पुनर्मुद्रण अमेरिकेत सुरू झाले. मूळ साप्ताहिकात ड्रेडची कथा आठवड्याला पाचसहा पाने येत असे. वर्तमानपत्री कागदावर, मुख्यतः काळ्यापांढऱ्यात. अमेरिकी पुस्तिकेत एका मालिकेची वीसबावीस पाने हवीत, ती रंगीत हवीत, आणि पानाचा आकार अधिक अरुंद हवा. म्हणून चार-पाच आठवड्यांचे तुकडे एकत्र शिवले गेले, काळ्यापांढऱ्या रेखाटनांवर रंग चढवला गेला, रुंद पाने अरुंद चौकटीत बसवली गेली. दर पाच पानांनी येणारा उत्कंठेचा झटका, जो साप्ताहिकात श्वासासारखा नैसर्गिक होता, तो आता एकाच अंकात चारदा बसू लागला आणि उचकीसारखा वाटू लागला. ब्रायन बोलंड यांनी नवी मुखपृष्ठे काढली. अमेरिकी वाचकाला ते 'कॅमेलॉट ३०००'मुळे आधीच परिचित होते. बोलंड यांची स्वच्छ, कोरीव, मूर्तिकाराची आठवण करून देणारी रेषा अमेरिकी अभिरुचीला जवळची होती; माइक मॅकमहोन यांची खडबडीत, विरूपणाकडे झुकणारी रेषा तितकी नव्हती. वस्तुतः ड्रेडचे जग पहिल्या वर्षांत कोणी घडवले असेल तर ते मॅकमहोन यांनी, आणि या मालिकेच्या अमेरिकी प्रतिमेतून त्यांचे स्थान उणावले जाणे हे नुकसान रंगापेक्षाही मोठे मानावे लागेल.

वाचनाची सामाजिक जागाही बदलली. ब्रिटनमध्ये हा अंक वर्तमानपत्रे आणि गोळ्याबिस्किटे विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, पोराटोरांच्या हाताला येईल अशा उंचीवर मिळत असे. अमेरिकेत १९७३पासून फिल सूलिंग यांच्या पुढाकाराने कॉमिक्सच्या खास दुकानांची वितरणव्यवस्था उभी राहत गेली होती. तेथे आचारसंहितेचा शिक्का लागत नसे आणि गिऱ्हाईक वयाने मोठे, जतन करणारे, निवड करणारे होते. ड्रेड तेथे पोहोचला तो आयात केलेला, जाणकारांचा माल म्हणून. मुलांसाठी लिहिलेल्या मजकुरात चोरून आणलेला राजकीय उपरोध हे मूळ संहितेचे मर्म होते. प्रौढांच्या दुकानात त्यातली चोरी संपली, आणि चोरी संपल्यावर उपरोधाची धारही थोडी बोथट झाली.

याच सुमारास उलट दिशेनेही वाहतूक सुरू होती, आणि तिचे कारण अर्थकारणात होते. आयपीसी या प्रकाशनसंस्थेत पात्रांचे आणि कथांचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहत. श्रेयनामे छापण्याची पद्धतसुद्धा पहिल्या काही महिन्यांनंतर आली, आणि ती केव्हिन ओ'नील यांच्या खटपटीने. अमेरिकी प्रकाशक त्या काळात रॉयल्टी देऊ लागले होते. १९८३मध्ये लेन वीन यांनी अ‍ॅलन मूर यांना 'स्वॅम्प थिंग'साठी बोलावले. पुढे मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे 'वॉचमेन' १९८६-८७मध्ये आले. नील गेमन, ग्रँट मॉरिसन हे त्यामागून गेले. आणि १९९३मध्ये कॅरन बर्गर यांच्या संपादनाखाली 'व्हर्टिगो' ही शाखा निघाली तेव्हा तिचा कणा ब्रिटिश लेखकांचा होता. अमेरिकी समीक्षेत याला 'ब्रिटिश आक्रमण' म्हणतात. हे नाव विजयाचे वाटते, पण साप्ताहिकाच्या बाजूने पाहिले तर ती गळती होती. मूर आणि इयन गिब्सन यांची 'हेलो जोन्स' ही मालिका १९८४ ते १९८६ या काळात तीन भागांवर थांबली. हक्कांचा तिढा सुटला नाही म्हणून पुढचे भाग लिहिलेच गेले नाहीत. 'वॉचमेन'वरून मागे येत '२००० एडी' शोधणाऱ्या अमेरिकी वाचकाला येथे एक अर्धवट इमारत दिसते. तिच्या उरलेल्या मजल्यांचे सिमेंट त्याच्याच देशात वापरले गेले आहे हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही.

पुनर्मुद्रणातून जे तुटले त्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नायक आणि साप्ताहिक यांचे नाते. '२००० एडी'च्या कोणत्याही अंकात ड्रेडच्या आगेमागे इतर मालिका असत. 'नेमेसिस द वॉरलॉक'मध्ये खलनायक मनुष्यजात असते आणि नायक परका. 'स्ट्राँटियम डॉग'मध्ये विकृत जन्मलेल्यांवर राज्यसंस्था सूड उगवते. अशा शेजारात राहणाऱ्या जजविषयी वाचकाने काय मानावे याच्या सूचना त्या शेजारातूनच मिळत. शिवाय ब्रिटिश युद्धचित्रकथांत नायक आणि अनुकरणीय व्यक्ती यांची फारकत आधीच झाली होती. 'अ‍ॅक्शन'मधील 'हेलमन ऑफ हॅमर फोर्स'चा नायक जर्मन रणगाडाधिकारी होता. अमेरिकी महानायककथेचा संकेत मात्र वेगळा : मुखपृष्ठावर ज्याचे नाव, तो आपला माणूस. हा संकेत घेऊन ड्रेडकडे गेले की हुकूमशाहीचा शिपाई हा कडक पण न्यायी रक्षक दिसू लागतो. १९८७मध्ये न्यूयॉर्कच्या अँथ्रॅक्स या संगीतचमूने ड्रेडवर गाणे केले, ते त्याचे ब्रीदवाक्यच शीर्षक म्हणून घेऊन. आणि ड्रेडच्या कीर्तीचा अमेरिकी प्रसार बराचसा या मार्गाने झाला. गाण्याला उपरोध कळलेला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मैफलीत हजारो कंठांतून उठणारी घोषणा उपरोध म्हणून उठत नाही.

१९९५च्या चित्रपटात हीच प्रक्रिया शेवटास गेली. डॅनी कॅनन यांच्या या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलन ड्रेड झाले आणि त्यांनी शिरस्त्राण काढले. मालिकेत ड्रेडचा चेहरा कधीच दाखवला जात नाही. दिसतात ते ओठ आणि हनुवटी. कायद्याला चेहरा नसतो ही त्यातली कल्पना. चेहरा नसल्यामुळे सहानुभूतीला टेकायला जागा मिळत नाही ही तिची कलात्मक बाजू. तारकापद्धतीत चेहरा हीच भांडवली वस्तू असल्यामुळे चित्रपटाला शिरस्त्राण परवडले नाही. चेहरा आला, त्यामागून अन्यायाने दोषी ठरवलेला सज्जन आला, आणि शिल्लक राहिला तो एक सामान्य महानायक. याच सुमारास डीसी या अमेरिकी संस्थेनेही ड्रेडच्या स्वतंत्र मासिकपुस्तिका काढल्या. त्या लवकरच बंद पडल्या. अलेक्स गारलंड यांनी लिहिलेल्या २०१२च्या चित्रपटात कार्ल अर्बन यांनी शिरस्त्राण अखेरपर्यंत उतरवले नाही. तो चित्रपट अमेरिकेत तिकीटबारीवर पडला, पण ज्यांनी तो पाहिला त्यांतील अनेकांना तोच मालिकेचा दरवाजा ठरला. या दोन्ही चित्रपटांतून येणाऱ्या वाचकांचे प्रश्न मात्र एकसारखे नसतात. पहिल्यातून आलेल्याला विचारावे लागते, हा माणूस हसत का नाही. दुसऱ्यातून आलेल्याला विचारावे लागते, या कथेत इतका विनोद कसा.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एखाददुसऱ्या कथेत सापडत नाही, कारण मालिकेचे उत्तर कालात पसरलेले आहे. अमेरिकी महानायकांचे वय थांबलेले असते. त्यांचा भूतकाळ दर काही वर्षांनी नव्याने लिहिला जातो. ड्रेडच्या जगात वाचकाचे एक वर्ष म्हणजे कथेतले एक वर्ष. १९७७मध्ये कथेत २०९९ साल होते. १२२ वर्षांचे हे अंतर तेव्हापासून कायम आहे. ड्रेड म्हातारा होत जातो. त्याने केलेले पुसले जात नाही. १९८२च्या 'अपोकॅलिप्स वॉर'मध्ये सोव्हिएत नगर ईस्टमेग वन मेगासिटीवर हल्ला करते, निम्मी वस्ती मारली जाते, आणि ड्रेड शत्रूच्याच क्षेपणास्त्रकोठारात शिरून ते सारे नगर बेचिराख करतो. पन्नास कोटी माणसे एका कळीच्या दाबाने संपतात. पाच वर्षे दूर राहिलेले एस्केरा या कथेसाठी परत आले आणि तिचे सर्व भाग त्यांनीच रेखाटले. तत्कालीन वाचकाला, विशेषतः मुलाला, हा विजय वाटला असणार. २०११-१२मध्ये 'डे ऑफ केऑस' आले. ईस्टमेगचे वाचलेले लोक म्हातारे झाले आहेत, आणि ते सूड घेतात : एका रोगाने मेगासिटीची बहुसंख्य प्रजा मरते. पात्रांना तीस वर्षे वाट पाहावी लागली, तितकीच वर्षे वाचकानेही काढली होती. १९८२मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर बेचाळिशीला आला होता. त्या कळीचा अर्थ त्याच्यापुरता तेव्हा पूर्ण झाला. कादंबरीला जमणार नाही अशी ही गोष्ट आहे. दीर्घायुषी नियतकालिकालाच ती साधते.

लोकशाहीचा धागाही असाच हळूहळू विणला गेला. १९८६मध्ये 'लेटर फ्रॉम अ डेमोक्रॅट' ही छोटी कथा आली, तीत निवडणुका मागणाऱ्या साध्या माणसांना ड्रेड गोळ्या घालतो. मालिकेने आपल्या नायकाच्या विरुद्ध उभे राहण्याचा हा निर्णायक क्षण होता, आणि तो पाचसहा पानांत, नेहमीच्या धामधुमीत येऊन गेला. ऑक्टोबर १९९०पासून 'जज ड्रेड मेगाझीन'च्या पहिल्या अंकांत वॅग्नर आणि कॉलिन मॅक्नील यांची 'अमेरिका' आली. हे नाव एका मुलीचे आहे. पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांनी आशेने ते ठेवलेले. मुलगी मोठी होऊन लोकशाहीवाद्यांत आणि मग दहशतवाद्यांत जाते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उडवून देण्याचा कट फसतो आणि ती जजांच्या गोळ्यांनी पडते. कथा सांगतो तो तिच्यावर प्रेम करणारा बेनेट बीनी, आणि ड्रेड तीत जवळजवळ खलपुरुषासारखा वावरतो. मेगासिटीत स्वातंत्र्यदेवतेच्या शेजारी न्यायाचा एक कितीतरी उंच पुतळा उभा आहे हे चित्र मालिकेत पूर्वीपासून होते. येथे त्याला प्रथमच पूर्ण अर्थ मिळाला. १९९१मध्ये सार्वमत झाले. गार्थ एनिस यांच्या त्या कथेचे शीर्षक अमेरिकी राष्ट्रगीतातील शब्दांचेच आहे. बहुतेक लोक मतदानाला गेलेच नाहीत, आणि जे गेले त्यांनी जजांना निवडले.

'अमेरिका' ही कथा नवागतासाठी उत्तम प्रवेशद्वार म्हणून सुचवली जाते. तीत गुंतागुंत कमी, भावना उघड, चित्रे रंगवलेली. परंतु जो तेथून सुरुवात करतो त्याला उपरोधाचा निष्कर्ष आधी मिळतो आणि प्रमेय नंतर. तेरा वर्षे ड्रेडच्या बाजूने टाळ्या वाजवलेल्या वाचकाला 'अमेरिका' चपराक वाटली होती, कारण ती त्याच्या स्वतःच्या टाळ्यांविषयी होती. ज्याने टाळ्या वाजवल्याच नाहीत त्याला ती केवळ एक चांगली शोकांतिका वाटते. अमेरिकी वाचकाला या तोट्याच्या मोबदल्यात एक वेगळी गोष्ट मिळते, जी ब्रिटिश वाचकाला कधी मिळू शकली नाही : मुलीच्या नावातली वेदना त्याला भाष्याशिवाय कळते. इंग्लंडमध्ये ते नाव रूपक आहे. पोर्तो रिकन वस्तीत वाढलेल्या न्यूयॉर्ककराला ते रूपक वाटण्याआधी शेजारच्या घरातले नाव वाटू शकते. परकेपणाने हिरावलेले सगळेच परत मिळत नाही, पण मूळ वाचकाच्या हाती न लागलेले काही नवागताच्या हाती लागते, हे वाचनव्यवहाराच्या अभ्यासकाने विसरू नये.

२००० साली रिबेलियन या कंपनीने हे साप्ताहिक एग्माँटकडून विकत घेतले. २००५पासून ड्रेडच्या कथा कालक्रमाने 'कम्प्लीट केस फाइल्स' या खंडांतून निघू लागल्या, आणि २०१०पासून त्यांच्या अमेरिकी आवृत्त्याही येऊ लागल्या. त्यांतील पाने मूळच्या काळ्यापांढऱ्यात, कापाकापीविना, क्रमवार होती. १९८३च्या पुनर्मुद्रणाचे बहुतेक दोष येथे दूर झाले. पण शेजारच्या मालिका येथेही नाहीत, थार्ग नाही, वाचकांची पत्रे नाहीत. आणि आठवड्याला पाचसहा पाने हा श्वास नाही. 'ब्लॉक मेनिया' आणि 'अपोकॅलिप्स वॉर' एकाच पाचव्या खंडात येतात, म्हणून अनेक अमेरिकी वाचक तेथूनच आरंभ करतात. ज्या युद्धाने ब्रिटिश मुलांचे १९८२चे पहिले सहा महिने व्यापले ते एका सुट्टीच्या दिवशी वाचून होते. खंडांमागून खंड वाचत गेल्यास 'डे ऑफ केऑस'पर्यंतची तीस वर्षे एकदोन वर्षांत ओलांडता येतात. संहिता आली, तिचा काल आला नाही.

आणि जिला 'कम्प्लीट' म्हटले गेले ती संहिताही सर्वस्वी आलेली नव्हती. १९७८च्या 'द कर्स्ड अर्थ' या कथेत ड्रेड लस घेऊन किरणोत्सर्गी वाळवंट ओलांडत पश्चिम किनाऱ्याकडे जातो. वाटेत त्याला उद्ध्वस्त गावांत एकमेकांशी युद्ध करणाऱ्या दोन टोळ्या भेटतात. त्या मॅक्डोनल्ड्स आणि बर्गर किंग या खाद्यगृहांच्या नावाने लढत असतात. आणखी दोन प्रकरणांत डबाबंद भाज्यांच्या जाहिरातीतल्या हिरव्या राक्षसासारखी पात्रे येतात. खटल्याच्या धास्तीने ही चारही प्रकरणे पुढच्या प्रत्येक संग्रहातून गळाली. अमेरिकेच्या आत शिरून, तिच्याच बोधचिन्हांना हाताशी धरून केलेला मालिकेतला सर्वांत थेट उपहास जवळजवळ चार दशके जुन्या अंकांतच राहिला. कालक्रमाने चाललेल्या खंडमालेचा दुसरा खंड घेणाऱ्या अमेरिकी वाचकाच्या हाती ही कथा त्या चार प्रकरणांवाचूनच पडली. २०१४मध्ये ब्रिटनच्या स्वामित्वहक्क कायद्यात विडंबनाला सवलत मिळाली, आणि २०१६मध्ये ती प्रकरणे वेगळ्या खंडात, मूळ जागी, छापून आली.